सहमचा पगार, चिपळूणचा खर्च

ओमानच्या उत्तर बातिना किनाऱ्यावर सहम येथे नोकरीला असलेल्या माणसाचा पगार कोकणात कुणाला कळला, की ऐकणारा मनातल्या मनात तो रुपयांत मोजतो. एका रियालला दोनशेहून अधिक रुपये मिळत असल्याने आकडा मोठाच दिसतो. पण तिथले भाडे, दूध, भाजी यांचे पैसेही रियालमध्येच मोजावे लागतात.

म्हणून देशादेशांतले घरखर्च ताडून पाहताना रकमेपेक्षा वाटा पाहावा. उत्पन्न वाढले की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच मांडले. भारताच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत हा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरांत सुमारे ४० टक्के आढळला. १९९९-२००० मध्ये ग्रामीण वाटा ५९ टक्के होता.

सहममध्ये बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबाचा भार दुसरीकडे असतो. पगारावर आयकर नाही. २०२८ पासून येणारा करही वर्षाला ४२ हजार रियालवरच्या मिळकतीलाच लागेल. पेट्रोल आपल्यापेक्षा बरेच स्वस्त. मात्र गाडीवाचून अडते आणि मुलांना भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत घालायचे तर फी भरावी लागते.

खरी अडचण एकट्याने राहणाऱ्या कामगाराची आहे. कंपनीच्या खोलीत राहून, मेसमध्ये जेवून तो उरलेले घरी पाठवतो. त्याचा सहममधला खर्च पाहून राहणीमान ठरवणे त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याचा संसार चिपळूणला चालतो. आपल्या पाहणीत तो त्या घराचा सदस्य धरला जात नाही. त्याने पाठवलेल्या पैशातून झालेला खर्च मागे राहिलेल्यांतच विभागला जातो आणि दरडोई आकडा फुगतो. उलट कर्जाचे हप्ते, जमीन, नव्या घराचे बांधकाम हा उपभोग खर्च मानला जात नाही. आखातातून आलेला काही पैसा तर याच गोष्टींत जिरतो! अशा कुटुंबाचे अर्धे आयुष्य दोन्ही देशांच्या तक्त्यांतून निसटते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक, सुमारे २०.५ टक्के आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून स्थलांतराच्या पाहण्या घरोघर जाऊन केल्या. महाराष्ट्रानेही तशी पाहणी हाती घ्यावी आणि सुरुवात रत्नागिरी, रायगडपासून करावी. दोन्हीकडचा खर्च त्यात एकाच कुटुंबाच्या नावे नोंदवला जावा.