पाने वाचविण्याची किंमत

पावसाळा लागला की शहरांतील गच्च्या, गॅलऱ्या आणि आवारे हिरवी होतात. आणि त्याबरोबरच पाने खाणाऱ्या अळ्यांचीही पंगत बसते. कढीलिंबाचे कोवळे शेंडे दोन दिवसांत बोडके होतात, तगरीची पाने देठापर्यंत नाहीशी होतात, लिलीच्या पात्यांवर काळ्या-पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या चढतात. मग घरातील कोणीतरी दुकानातून 'औषध' आणतो, बादलीत अंदाजाने टोपणभर ओततो आणि फवारून मोकळा होतो. प्रश्न सुटला असे त्यास वाटते. वस्तुतः त्याने एका लहान प्रश्नाच्या बदल्यात एक मोठा प्रश्न घरात आणलेला असतो.

या व्यवहारातील पहिली गफलत शब्दाची आहे. जे जीव घेण्यासाठीच बनविले जाते, त्यास आपण सर्रास औषध म्हणतो. कायदा मात्र असे म्हणत नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक अधिनियम अस्तित्वात आला. विक्रीला परवाना, वेष्टनावर विषारीपणा दर्शविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण, कोणत्या पिकावर किती मात्रा वापरावी याची नोंद, हे सारे या अधिनियमाच्या व्यवस्थेत आहे. फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये, तेही सांगितलेले असते. पण ज्या कढीलिंबाची पाने रोज सकाळी फोडणीत पडतात, त्याच्या बाबतीत हे दिवस कोण मोजतो?

दुसरी गफलत हिशेबाची आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक विचार मांडला, आणि तो मुळात अर्थशास्त्राचाच आहे. कीड दिसली एवढ्यावरून तिचा बंदोबस्त करावयाचा नसतो. तिच्यापासून होणारे नुकसान बंदोबस्ताच्या खर्चाहून अधिक होण्याच्या बेतात आले, म्हणजेच हात उचलावयाचा असतो. या मर्यादेस आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. बागेतील झुडपास हा निकष लावला तर काय दिसते? चांगल्या मुळावलेल्या लिंबाच्या झाडाची काही पाने गेली तरी ते पुन्हा फुटते. नुकसान होते ते बहुधा शोभेचे. शोभेलाही मोल आहे, हे मान्य. परंतु ते विषाच्या मोलाइतके खचित नाही.

शिवाय या खर्चातील मोठा भाग फवारणाऱ्याच्या खिशातून जातच नाही. वाऱ्याबरोबर तुषार शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात, फुलांवरच्या मधमाशीवर पडतात. ज्या चिमण्या नाहीशा झाल्या म्हणून आपण हळहळतो, त्यांच्या पिलांना अळ्याच भरवाव्या लागतात. कुंभारमाशी आपल्या मातीच्या घरट्यात अळ्या कोंबून पिलांची बेगमी करते. कोळी, सरडे, प्रार्थना कीटक हेही फुकटचे राखणदारच. व्यापक कीटकनाशक प्रथम यांनाच मारते. राखणदार गेले की पुढची कीड अधिक जोमाने येते आणि फवारा पुन्हा उचलावा लागतो. याहूनही मोठी विसंगती अशी, की २०१५ साली महाराष्ट्राने 'ब्लू मॉर्मन' हे आपले राज्य फुलपाखरू ठरविले, आणि त्याची अळी लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवरच वाढते! फुलपाखराचा गौरव करावयाचा आणि त्याच्या बालपणावर विष फवारावयाचे, हे एकाच समाजास शोभणारे नाही.

'एका कुंडीवर चार थेंब पडल्याने काय बिघडते?' असे कोणी विचारील. त्याने थोडे मागे पाहावे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीसाठी साठविलेला होता. तेच कार्बारिल २०१८ साली भारतात वापरातून बाद करण्यात आले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. शेतकऱ्याच्या मागे कर्जाचा तगादा असतो, हंगाम गेला तर वर्ष जाते. तो धोका पत्करतो तो नाइलाजाने. शहरातील नोकरदारावर अशी कोणती सक्ती आहे? ज्याचे पोट त्या झाडावर अवलंबून नाही, त्याने शेतातले विष घरात आणण्यास कोणतेही समर्थन नाही.

याचा अर्थ बाग अळ्यांच्या स्वाधीन करावी असा नव्हे. प्रथम कीड ओळखावी. मावा आणि पिठ्या ढेकूण रस शोषतात, पाने कुरतडीत नाहीत. त्यांचा उपाय निराळा. पाने खाल्लेली दिसली तर सकाळी पानांची खालची बाजू पाहावी. लिंबावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठेपणी हिरवी होते. ती हाताने सहज वेचता येते. लिलीवरच्या अळ्या मात्र पाती फस्त करून कांद्यापर्यंत पोहोचतात, तेथे विलंब परवडत नाही. वेचणे आवाक्याबाहेर गेले तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात किंचित साबण घालावा आणि संध्याकाळी फवारावे. कारण उन्हाने तिचा गुण जातो. निंबोळी अळीस तत्काळ मारीत नाही. तिचे खाणे आणि वाढ रोखते. तेव्हा थोडा धीर हवा. अगदी शेवटी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटी आहे. तिचा अळ्यांसाठीचा प्रकार अळीच्या पोटात गेला तरच काम करतो. अर्थात तो फुलपाखराच्या अळीसही सोडीत नाही, म्हणून जेथे गरज तेथेच वापरावा.

व्यक्तीच्या शहाणपणाला व्यवस्थेची जोड मात्र हवी. मूळ वेष्टन फोडून, नावाशिवायच्या बाटलीत सुटे विष विकणाऱ्यांवर कारवाई व्हावयास हवी. नगरपालिकांनी आपल्या उद्यानांत काय फवारले, केव्हा फवारले, याचा फलक लावावा. तेथे मुले खेळतात. शाळा-महाविद्यालयांनी आवारातील एक झुडूप अळ्यांसाठी राखून विद्यार्थ्यांना अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास दाखवावा. या कशासही फारसा पैसा लागत नाही.

कुरतडलेले पान हे बागेच्या दुर्दशेचे लक्षण मानण्याची सवय बाजाराने लावलेली आहे. ती मोडली, तर पहिली बचत घरच्या खर्चात होईल, आणि दुसरी त्याहून मोलाची बचत घरातल्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याची होईल.