घरगुती विज्ञान : बॅटरी गेली की एकच सेल गेला?

कोरपना तालुक्यात शेतकऱ्याचे घर असो की सिमेंट कारखान्यातल्या कामगाराचे, कुठली ना कुठली बॅटरी आज तिथे असतेच. कुणाकडे इन्व्हर्टर, कुणाकडे कापसावर फवारायचा बॅटरीचा पंप, तर रात्री ओलिताला जाणाऱ्याच्या हाती टॉर्च. ती बंद पडली की दुकानदार म्हणतो, "बॅटरी गेली, नवी घ्या." कष्टाच्या पैशाचा प्रश्न आहे. म्हणून आधी तपासावे, मग खिशात हात घालावा.

बॅटरी म्हणजे एक वस्तू नव्हे, सेलांची रांग. 12 व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे 2.1 व्होल्टचा एक सेल असतो. वीज एकातून दुसऱ्यात अशी ओळीने जाते. बंडीच्या जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असला तरी बंडी जागची हलत नाही. इथेही तसेच. पाच सेल धडधाकट असूनही एक सगळ्यांना अडवतो.

पहिली तपासणी मीटरने. रात्रभर चार्ज करून दोन-तीन तास ठेवलेली चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 10.5 च्या आसपासच अडकला, तर एक सेल आतून शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी. पण नुसत्या मीटरवर विसंबू नये. कमजोर सेल स्वस्थ असताना चांगला आकडा दाखवतो आणि पंखा-दिवे लावताच कोसळतो. म्हणून भार देऊनही मोजावे. फवारणी पंपाची बॅटरी बंद असते, तिथे एवढाच उपाय.

खरा निकाल हायड्रोमीटर देतो. बुचे उघडून प्रत्येक कप्प्यातले पाणी नळीत ओढायचे आणि तरंगत्या काट्याचा आकडा वहीत लिहायचा. पाच कप्पे 1.240 दाखवतात आणि एक 1.150 वरच राहतो, तर तोच बिघडलेला. सहाही सारखेच कमी असतील, तर बहुधा बॅटरी खराब नाही, उपाशी आहे. ती पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. म्हणजे आकड्यापेक्षा आकड्यांतला फरक महत्त्वाचा. नुकतेच डिस्टिल्ड वॉटर घातले असेल, तर आधी चार्ज करावे, लगेच मोजू नये.

टॉर्चचे काम सोपे. एक नवा सेल घ्या आणि जुन्यांच्या जागी एकेक करून लावून पाहा. ज्याच्या जागी लावताच उजेड वाढतो, तो जुना सेल संपलेला. मात्र हे शोधण्यापुरतेच. नवे-जुने सेल कायमचे एकत्र ठेवले, तर जुना गळतो आणि टॉर्च सडवतो.

प्लॅस्टिकच्या बंद डब्यातला एकच सेल बदलणे सहसा जमत नाही. मग शोधून फायदा काय? फायदा असा, की गॅरंटी शिल्लक असेल तर सहा आकडे दुकानदारापुढे ठेवता येतात. "बॅटरी गेली" म्हणणाऱ्यालाही सांगता येते, "भाऊ, सहाही कप्प्यांचे आकडे दाखवा." चांगली बॅटरी भंगारात जात नाही, आणि खरेच गेली असेल तर मन निश्चिंत होते.

सावधगिरी हवीच. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ बिडी किंवा काडी पेटवू नये. आतले पाणी तेजाब आहे. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेल्यास धुऊन लगेच दवाखाना गाठा. जुनी बॅटरी घरी फोडून शिसे काढू नये. त्या धुळीने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. नवी घेताना जुनी दुकानात परत द्यावी आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

महिन्यातून एकदा हे सहा आकडे लिहून ठेवा. घरात विज्ञान शिकणारी मुलगी असेल, तर चष्मा-मोजे घालून, मोठ्यांच्या देखत, वही तिच्याच हाती द्या. ज्या कप्प्याचा आकडा दर महिन्याला इतरांच्या मागे पडतो, तो पुढे दगा देणार हे तिला आधीच कळेल, आणि परीक्षेच्या रात्री अंधारात बसायची पाळी येणार नाही.