वाऱ्याचा हिशोब कोण करणार?

"लावून टाक रे, चालतंय!" हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. त्यातल्या एका वेळेबद्दल आज लिहितोय, कारण त्या वेळी भुर्दंड दुसऱ्याला बसला.

तर मंडळी, विषय आहे सर्व्हरमधून निघालेली नेटवर्क कार्डं साध्या डेस्कटॉपमध्ये बसवण्याचा. डेटा सेंटरवाले काही वर्षांनी सर्व्हर बदलतात, आणि त्यातली १० गिगाबिटची कार्डं जुन्या बाजारात नव्याच्या मानाने अगदी किरकोळ भावात येतात. घरच्या १ गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम ११०-११५ मेगाबाइट मिळतात, इथे हजाराच्या पुढे! मोह होणारच. मलाही झाला, आणि खरं सांगायचं तर अजूनही होतो. त्यामुळे माझं भांडण कार्डांशी नाही. भांडण आहे ते 'दिवा लागला, स्पीड आला, काम झालं' म्हणणाऱ्यांशी. त्यात विकणारे आले, व्हिडिओ करून शिकवणारे आले आणि फेब्रुवारीपर्यंतचा मीही आलो.

पुण्यातला माझा एक मित्र लग्नांची शूटिंग्ज एडिट करतो. एका मशीनमध्ये सगळा साठा, दुसऱ्यावर एडिटिंग, आणि मध्ये १ गिगाबिटची केबल. तासन् तास कॉपी चाललेली बघून मला राहवेना. इंटेलची दोन एक्स५४०-टी२ कार्डं आणली. २०१२ सालचं डिझाइन, तांब्याच्या साध्या केबलवर चालणारी दोन पोर्टं. एका रविवारी जाऊन बसवली. हजाराचा आकडा बघून दोघांनी टाळ्या दिल्या, मिसळ खाल्ली, मी घरी आलो. एप्रिलमध्ये त्याचे फोन सुरू झाले. मोठी फाइल एक्स्पोर्ट होताना नेटवर्क गायब होतं. मी म्हटलं केबल बदल. त्याने बदलली. मी म्हटलं ड्रायव्हर पुन्हा टाक. टाकला. मी म्हटलं रीस्टार्ट कर, आणि रीस्टार्ट केलं की तासभर सगळं छान! मग एका रिसेप्शनच्या आदल्या रात्री एक्स्पोर्ट तीनदा अर्ध्यावर मेला. फिल्म वेळेवर पोचली नाही आणि पार्टीने त्याचे पैसे कापले. हे त्याने मला सांगितलंच नाही, त्याच्याकडच्या पोऱ्याने सांगितलं.

शेवटी मी स्वतः गेलो. कॅबिनेट उघडून कार्डाच्या हीटसिंकवर बोट ठेवलं आणि ठेवलं तसं उचललं. कोविडच्या वेळचं कपाळावर धरायचं थर्मामीटर घरात पडलेलं होतं, ते आणलं होतं, तर ते नुसतं 'हाय' दाखवायला लागलं. मल्टिमीटरची तापमानाची वायर लावली तेव्हा आकडा आला ९१ अंश. हा वरच्या ॲल्युमिनियमचा, आतल्या चिपचा आणखी वरचा असणार. खोलीत ३६ होतं. साठ्याच्या मशीनवर लिनक्स आहे, त्याचा लॉग उघडला तर ड्रायव्हरने सरळ लिहून ठेवलेलं, की कार्ड अति तापल्यामुळे थांबवलंय, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. एकदा नाही, अनेकदा. मशीन महिनाभर ओरडून सांगत होतं आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला मी फोनवरून केबली बदलायला लावत होतो!

आता कोणी म्हणेल की म्हणजे कार्डच फालतू. मुळीच नाही. हे कार्ड ज्या घरासाठी बनलंय ते घर कसं असतं ते आधी बघा. सर्व्हरचा डबा चपटा असतो. पुढे डिस्क, त्यामागे पंख्यांची आडवी रांग, आणि त्या पंख्यांची हवा मदरबोर्डवरून, प्रत्येक कार्डाच्या अंगावरून रेटत मागे बाहेर काढलेली. हवा इकडेतिकडे पळू नये म्हणून वर प्लास्टिकचं झाकण. ते छोटे पंखे मिनिटाला दहा-दहा हजार फेऱ्या मारतात, त्यांच्या शेजारी उभं राहून बोलता येत नाही. या वाऱ्याच्या भरवशावर कार्डावर बिनपंख्याचा हीटसिंक बसवलेला असतो. सर्व्हर कार्डांच्या डेटाशीटमध्ये हे लिहिलेलंही असतं. हवा किती लागेल ते एलएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फूट या हिशोबात. २०० एलएफएम म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर. आकडा छोटा वाटतो, पण आपल्या कॅबिनेटमध्ये अगदी खालच्या स्लॉटपाशी उदबत्ती धरून बघा, धूर सरळ वर जातो की नाही ते!

कारण आपल्या कॅबिनेटमध्ये हवा वाहते प्रोसेसरसाठी. पुढून येते, वरच्या अंगाने जाते, मागून निघते. खालचे स्लॉट म्हणजे वाड्यातली बिनखिडकीची खोली. वर ग्राफिक कार्ड असेल तर विचारूच नका, त्याचा गरम श्वास थेट खालच्या कार्डावर.

आणि हे तांब्यावरचं १० गिगाबिट जात्याच तापट. केबलीतल्या चार जोड्यांपैकी प्रत्येक जोडीवर अडीच गिगाबिट, तेही दोन्ही दिशांना एकाच वेळी. आपणच पाठवलेल्या सिग्नलचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचं ऐकायचं, त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, हे गणित चिप अखंड करत असते. दहा वॅटच्या वर उष्णता, दोन बोटं रुंद तुकड्यात. त्यामानाने एसएफपी-प्लसची कार्डं आखूड डीएसी केबलवर बरीच थंड राहतात. दोन मशीन एकाच टेबलावर असताना मी ती घ्यायला हवी होती. घेतली नाहीत, कारण 'साधी केबल चालते' हे ऐकायला छान वाटलं. (इंटेलचं एसएफपी-प्लस कार्ड घेणार असाल तर परक्या कंपनीचं मॉड्यूल ते नाकारू शकतं. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी एक पर्याय असतो, तो आधी शोधून ठेवा.)

मजा अशी की बसवण्याच्या बाबतीत आपण फार चोखंदळ असतो. कार्ड आठ लेनचं आणि स्लॉट दिसायला लांब पण आतून चारच लेनचा, मग पुरेल का? पीसीआय एक्स्प्रेस २ च्या एका लेनवर खऱ्या डेटाचे ४ गिगाबिट, चार लेनचे १६, म्हणजे एक पोर्ट आरामात पुरतं, दोन्ही पूर्ण वेगाने नाही. हा हिशोब सगळे करतात. बुटक्या सर्व्हरची आखूड पट्टी काढून लांब पट्टी लावतात. काही ब्रँडेड सर्व्हरच्या कार्डांनी डेस्कटॉप सुरूच होत नाही, तेव्हा बी५ आणि बी६ या दोन पिनांवर कॅप्टन टेपचा तुकडा चिकटवतात. नखाएवढ्या पिना, हात थरथरतात, पण करतात! मग एवढे कष्ट घेणाऱ्याला एक पंखा का सुचत नाही? कारण त्याशिवाय दिवा लागतो. जे पहिल्या पाच मिनिटांत अडत नाही त्याला आपण अडचण म्हणतच नाही.

विकणाऱ्यांचं तर काय सांगावं. 'टेस्टेड' असा शिक्का असतो. मी ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारलं, टेस्ट म्हणजे काय करता? उघड्या मदरबोर्डावर लावून, डोक्यावर सीलिंग फॅन चालू ठेवून, दिवा लागतो का ते बघतो म्हणाला. निदान खरं तरी बोलला. पण मग पाकिटावर एक ओळ लिहा ना, की या कार्डाला वारा लागतो. औषधाच्या पट्टीवर जेवणानंतर लिहितातच की.

दुसरीकडचे शहाणे म्हणतात, सर्व्हरचं सामान घरात आणूच नका, नवीन घ्या. अर्धं बरोबर आहे. साठा एका हार्ड डिस्कवर असेल तर ती स्वतःच सेकंदाला दोनशे-अडीचशे मेगाबाइटच्या पुढे जात नाही. तिला मदरबोर्डवरचं अडीच गिगाबिटचं पोर्ट पुरून उरतं, उगाच मला पत्ता विचारू नका. पण बाकीच्यांसाठी उत्तम चालणारं कार्ड भंगारात घालायचं, का तर आपल्याला पंखा बसवायचा कंटाळा? हे मला पटत नाही. आणि या कंटाळ्यालाच आपण कौतुकाने 'जुगाड' म्हणतो, ते तर अजिबात पटत नाही. शेतावर जुन्या इंजिनाची गाडी बनवणारा माणूससुद्धा पाण्याची टाकी विसरत नाही हो.

इलाज काय केला? हीटसिंक काढला, खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली होती, ती पुसून नवी लावली. ४० मिलिमीटरचा पंखा फटींमध्ये स्क्रू पिळून घट्ट बसवला. शेजारच्या रिकाम्या स्लॉटची मागची पट्टी काढली, म्हणजे हवेला बाहेर जायला वाट. आणि इथे पुन्हा फसलो! पंखा मदरबोर्डच्या हेडरला लावला तर तो निवांत फिरत राहिला. कारण मदरबोर्ड पंख्याचा वेग ठरवतो प्रोसेसरच्या तापमानावरून, आणि नुसती फाइल कॉपी होताना प्रोसेसर असतो थंडगार. भाजतंय कार्ड आणि ताप बघतोय दुसऱ्याचा. बायोसमध्ये जाऊन त्या हेडरचा वेग कायमचा बांधून टाकला. त्यानंतर तासभर सलग कॉपी करून मोजलं, ५२ अंश. पंखा, पेस्ट, स्क्रू धरून खर्च त्या दिवशीच्या दोघांच्या मिसळीपेक्षा थोडा जास्त.

कापलेल्या पैशातले अर्धे मी देऊ केले. मित्र म्हणाला, "राहू दे रे, तू काय मुद्दाम केलंस?" मुद्दाम नाही केलं, पण डेटाशीटमधला गिगाबिटचा आकडा मी वाचला होता आणि त्याच कागदावरची वाऱ्याची ओळ सोडली होती. याला अपघात म्हणायला जीभ रेटत नाही.

साठ्याचं मशीन झालं. एडिटिंगच्या मशीनमध्ये मात्र ग्राफिक कार्ड एवढं जाड आहे की ४० मिलिमीटरचा पंखा मध्ये मावत नाही. तिथे कॅबिनेटच्या तळाशी १२० मिलिमीटरचा आडवा लावून, सावकाश फिरवून बघायचा विचार आहे. केबल टाय आणि मल्टिमीटर पिशवीत टाकलंय, उद्या सकाळी जातोय.