तिकिटाची मुदत

ज्यांना आम्ही टाळ्या वाजवून मोठे केले, त्यांच्या घरादारावर आणि दुखण्याबाण्यावर आमचाही थोडाबहुत अंमल चालावा, हा पूर्वपक्ष हल्ली इतक्या निःशंकपणे मांडला जातो की, त्याला प्रत्युत्तर असू शकेल हे मांडणाऱ्याच्या गावीही नसते. पण नाटकाचे तिकीट काढणारा प्रेक्षक त्या रात्रीच्या प्रयोगापुरतेच दाम मोजतो. पडदा पडल्यावर तो नट खाणावळीत आमटीभात कालवीत बसला असता, त्याचा दंड धरून उष्ट्या हातानिशी त्याला सेल्फीसाठी उभे करण्याची सनद त्या तिकिटाच्या कोणत्या कलमात आहे, हे मला अद्याप कोणी दाखविलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. प्रसिद्धी हवी असते तेव्हा हीच मंडळी छायाचित्रकारांना आवतण धाडतात, मग एरवी हे सोवळे कशाला? आवतण धाडतात हे खरेच. परंतु ओटीवर पानसुपारीला बोलावलेल्याने माजघरात शिरावे, अशी वहिवाट आपल्याकडे कधीच नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट मुंबईत स्वतःच्या घरात बसली असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोघांनी तिच्यावर कॅमेरा रोखला. तिथे तर आवतणाची सबबही उरत नाही.

याहून लाजिरवाणा प्रकार पुण्यात घडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले रुग्णालयात अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाची वार्ता एका रात्रीत सर्वत्र पसरली, श्रद्धांजल्याही वाहून झाल्या, आणि ते हयात आहेत हे जगाला सांगण्याचे काम त्यांच्या कुटुंबीयांवर येऊन पडले. निधन झाले ते त्यानंतर, २६ तारखेला. या घाईला रसिकांचे प्रेम म्हणण्याइतका मी उदार नाही.

राहता राहिला राजकारण्यांचा प्रश्न, आणि इथे मात्र प्रतिपक्षाला त्याचे माप चोख दिले पाहिजे. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरील फौजदारी खटले मतदाराला कळले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले, ते योग्यच झाले. त्याच न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात खासगी आयुष्याला संरक्षण देतानाच, अधिकाऱ्याच्या सरकारी कारभाराला त्या संरक्षणाच्या बाहेर ठेवले. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला, तोही नामांकितांना वगळून नव्हे. म्हणजे कसोटी माणसाच्या कीर्तीची नसून त्याच्या कारभाराची आहे. मंत्री आजारी पडला तर दप्तराचे काम त्याच्याने होईल की नाही, आणि होणार नसेल तर त्याच्या खात्याचा कार्यभार कोणाकडे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. त्याच्या नाकातील नळीचे छायाचित्र मागण्याचा नाही.