घाटांतील बारी व घरीं बांधिलेली मोटार

उभ्या जागेवरून एकदम सुटावयाचें, सरळ पट्टीवर पाव मैल धांवावयाचें, आणि निकाल सेकंदांवर लावावयाचा, ही ड्रॅग रेस होय. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर तिला भर आला. तरुण जुन्या मोटारींचे जड पत्रे उतरवीत व इंजिनें स्वहस्तें सुधारीत. कित्येक तर भर रस्त्यांतच धांवत. पुढें १९५० सालीं सँटा अ‍ॅना येथील विमानतळाच्या धांवपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स यांनीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापिली.

सुदुंबऱ्याच्या वाचकांस यांत नवल तें काय? आमच्या बैलगाडा शर्यतींत घाट, बारी, सेकंद सारें आहेच. हलका गाडाहि सुताराच्या हातचा. भेद एवढाच, कीं इंजिनास वेदना नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती बंद केल्या व मे २०२३ मध्यें राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरिला. तथापि परवानगी मिळाली म्हणून चाबूक व टोचणी क्षम्य होत नाहींत, असें माझें स्पष्ट मत आहे.

पालकांस एक विनंती. मुलगा रहदारींत मोटारसायकल पिटाळतो म्हणून आपण रागावतां, आणि तीहि आपणच घेऊन दिलेली असते! त्यापेक्षां भंगारांतील एखादें इंजिन त्यास द्या. तें उघडून, पुसून, पुन्हां जोडून सुरू करण्यांत त्याचे दोन महिने जातील. शाळेमागील पत्र्याच्या खोलींत जागा आहे. पाने मात्र घरून आणावे लागतील.