फॉरमॅट मारून भागत नाही

बीडला बार्शी नाक्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खरिपाच्या पीकविम्याचे दिवस आले की गावोगावच्या ऑनलाइन सेंटरांची मशिनं माझ्याकडे रांगेनं येतात. तक्रार ठरलेली असते. 'भाऊ, मशीन लई स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या, संध्याकाळपर्यंत पाहिजे.' तिकडे सेंटरवर शेतकरी खोळंबलेले असतात, त्यामुळे घाई खरीच असते. तरी मी लगेच फॉरमॅटला हात घालत नाही. त्या मशिनचा डाउनलोड फोल्डर उघडला की अख्खं गाव समोर येतं: आधार कार्डं, सातबारे, पासबुकांचे फोटो, लाडकी बहीण योजनेचे अर्ज, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरांचे दाखले. एवढ्या माणसांची कागदपत्रं जिथं आहेत, तिथं कोण शिरलं आणि काय घेऊन गेलं हे न बघता सगळं पुसून टाकायचं, हे मला पटत नाही.

वडवणी तालुक्यातलं एक मशीन माझ्या चांगलं लक्षात आहे. त्यात विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, चालू होता. हिरवी खूणही दिसत होती. डिफेंडरमध्ये 'एक्स्क्लूजन्स' नावाची यादी असते. अमुक फोल्डर तपासू नको, असं त्याला तिथं सांगून ठेवता येतं. या मशिनवर त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला होता. पहारेकरी जागा, पण त्याला घरात पाऊल टाकायची बंदी. मग टास्क मॅनेजर उघडला. 'एसव्हीसीहोस्ट' नावाच्या पुष्कळ ओळी तिथं दिसतात आणि त्या विंडोजच्याच असतात. त्यातली एक मेमरी जास्त खात होती. राइट क्लिक करून फाइलची जागा पाहिली. खरी फाइल विंडोजच्या 'सिस्टम ३२' फोल्डरात असते. ही निघाली 'ॲपडेटा'मध्ये, आणि तिच्यावर कोणत्याच कंपनीची डिजिटल सही नव्हती. टास्क शेड्यूलरमध्ये तिला दर काही मिनिटांनी उठवणारी नोंद होती. होस्ट्स फाइलमध्ये अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट अडवून ठेवल्या होत्या, म्हणजे इलाज शोधायला गेलं तर पानच उघडू नये.

हे आलं कुठून? विंडोज फुकटात 'ॲक्टिव्हेट' करणाऱ्या क्रॅकमधून. त्या क्रॅकसोबत पहिली सूचनाच असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. माणूस स्वतःच्या हातानं दार उघडून देतो. २०२१ च्या डिसेंबरात रेड कॅनरी या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं होतं की 'केएमएसपिको' या नावानं फिरणाऱ्या बनावट ॲक्टिव्हेटरमधून 'क्रिप्टबॉट' नावाचा पासवर्डचोर मशिनांत सोडला जातोय. तोच 'केएमएसपिको' आपल्याकडे कितीतरी दुरुस्तीवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये असतो. नवीन मशीन विकताना, फॉरमॅट मारताना तोच टाकला जातो. माझे धंदेबंधू यावर रागावतील, पण ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रामचं सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्राम, काढायचे पैसे घेऊन जाताना दुसरा टाकून द्यायचा, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

दुसरी वाट व्हॉट्सॲप वेबची. 'पीकविमा यादी डॉट पीडीएफ' अशी फाइल येते, पण तिच्या नावाच्या शेवटी 'ईएक्सई' असतं आणि विंडोज ते मुळातच लपवून ठेवतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन पूर्ण नावं दाखवायची खूण एकदा केली की हा डाव उघडा पडतो. मोबाइलवर पीएम किसान किंवा आरटीओ चलनाच्या नावानं येणाऱ्या एपीके फाइली याच जातीच्या.

ट्रोजन म्हटलं की लोक पैसे गेले का, एवढंच विचारतात. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपचं उदाहरण म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेनं २०२१ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला की त्या लॅपटॉपमध्ये जून २०१६ मध्ये ईमेलमधून 'नेटवायर' हा ट्रोजन शिरला, बावीस महिने बसून राहिला आणि एका लपवलेल्या फोल्डरात बाहेरून आक्षेपार्ह पत्रं ठेवली गेली. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण हे 'नेटवायर' कोणी गुपचूप बनवलेलं हत्यार नव्हतं, ते वेबसाइटवर उघड विकलं जायचं. मार्च २०२३ मध्ये एफबीआयनं ती साइट जप्त केली. असा ट्रोजन फाइली नेऊ शकतो तशा आणूनही ठेवू शकतो. म्हणून मशीन वेगानं चालतंय म्हणजे ते चोख आहे, असं मी धरत नाही.

साफ करायचं तर आधी इंटरनेटची वायर काढायची. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाजूला घ्यायचे, प्रोग्रामची एकही फाइल नाही. मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावायचं. ते विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतं, त्यामुळे लपून बसलेलं तिथं सापडू शकतं. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं २०१७ पासून उपलब्ध आहेत, त्यांनी पुन्हा एकदा तपासावं. वडवणीच्या मशिनसारखं मुरलेलं प्रकरण असेल तर विंडोज नव्यानंच टाकावं लागतं, पण दुसऱ्या चांगल्या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेल्या पेनड्राइव्हनं. आणि खरं काम त्यानंतर आहे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड केव्हाच बाहेर गेलेले असतात. फॉरमॅटनं ते परत येत नाहीत. चांगल्या मोबाइलवरून ईमेल, बँक, सेंटरचं लॉगिन, सगळे पासवर्ड बदलायचे आणि 'सगळ्या डिव्हाइसमधून लॉग आउट' करायचं, कारण चोराकडे चालू लॉगिनसुद्धा गेलेलं असू शकतं. पैसे गेले असतील तर तासभरही न थांबता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा.

सेंटरवाल्यानं हे सगळं एकट्यानं निस्तरावं, असं मी म्हणणार नाही. पोरगं कर्ज काढून सेंटर टाकतं, एका अर्जामागे त्याला किरकोळ पैसे सुटतात, अस्सल विंडोजचे हजारो रुपये त्याला परवडत नाहीत. सरकार त्याला लॉगिन देतं, अंगठ्याचं यंत्र जोडायला लावतं, गावाचा सगळा डेटा त्याच्या मशिनमधून पुढं नेतं, मग ते मशीन स्वच्छ आहे का हे बघण्याची जबाबदारीही सरकारची आहे. जिल्हा प्रशासनानं विमा पोर्टल उघडण्याआधी तालुकावार तपासणी लावावी आणि अस्सल परवाने एकगठ्ठा घेऊन सेंटरांना द्यावेत. शिवाय मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. माझ्याकडे येणारी बरीच मशिनं अजून त्याच्यावरच आहेत आणि विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही. त्यांच्यासाठी मोफत लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकवायचं शिबिर घ्यावं; शिकवायला मी यायला तयार आहे.

तोवर गिऱ्हाइकांनी एवढं तरी मागावं: दुरुस्तीच्या बिलावर विंडोज अस्सल आहे की क्रॅक, आणि दुकानदारानं त्यात कोणते प्रोग्राम टाकले, हे लिहून घ्यावं. माझ्या बिलावर ते असतं.