फाइल आईची, परीक्षा मुलाची



श्रुतपंचमीला मंदिरात आपण सगळ्यांनी मिळून शास्त्रांची कपाटं उघडली. ग्रंथ पुसले, जुनी वेष्टनं सोडून नवी बांधली, वर नावं लिहिली. बोलता बोलता तिघी-चौघी म्हणाल्या, "आता शाळा सुरू होईल. घरी जाऊन मुलांचं कपाट लावायचंय." आज मला त्याच वाक्याशी भांडायचं आहे. मुलांचं कपाट आपण का लावायचं?

चिडू नका. हे भांडण आधी माझं माझ्याशी झालेलं आहे.

मुलगा दहावीत होता तेव्हा त्याच्या प्रत्येक विषयाची फाइल मी लावायचे. घटक चाचणीचे पेपर एका कप्प्यात, क्लासच्या झेरॉक्स दुसऱ्यात, नकाशे वेगळे, वर रंगीत चिठ्ठ्या. पाहुणे बघून कौतुक करायचे आणि मी फुलून जायचे. जानेवारीत सासूबाई दवाखान्यात होत्या, आठ दिवस मी तिथेच. रोज रात्री फोन. "आई, विज्ञानाची प्रयोगवही कुठेय?" "आई, सहामाहीचा भूमितीचा पेपर कुठल्या फाइलमध्ये?" बाकावर बसून मी त्याला कप्पे सांगत होते. प्रयोगवही सापडली, पण चार प्रयोग लिहायचेच राहिलेत हे त्याला तेव्हा कळलं. मलाही कळलं नव्हतं. मी वही नीट ठेवत होते, उघडून कुठे बघत होते?

आणि मुलगी? तिच्या फायली मी कधीच लावल्या नाहीत. "तुझं तू कर, मुलीला नीटनेटकं राहता आलं पाहिजे," असं म्हणून मोकळी झाले. तिचं दप्तर दिसायला काही खास नसायचं, पण हवा तो कागद ती न शोधता काढायची. एकाच घरात मी दोन नियम चालवले. मुलीकडे दुर्लक्ष झालं म्हणून मला वाईट वाटायचं, पण अभ्यासात नुकसान झालं ते लाडक्या लेकाचं. असा मुलगा उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला विचारणार, "माझे कागद कुठे आहेत?"

कागद लावणं हा अभ्यासाचाच भाग आहे, म्हणून एवढं बोलते. हा कागद कुठे ठेवू, हे ठरवायला तो आधी वाचावा लागतो. हे गणित कुठल्या प्रकरणातलं, हीच चूक मागच्या पेपरातही झाली होती का, हे कागद हातात घेतल्यावरच सुचतं. ते काम आपण केलं तर उजळणी आपली होते, मुलाची नाही.

जुन्या ताडपत्रांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पानाला भोक, त्यातून दोरी, वरखाली लाकडी पाट्या आणि पानापानावर क्रमांक. मूडबिद्रीत शतकानुशतके जपलेल्या ताडपत्रांमुळेच धवला आपल्यापर्यंत आली आणि तिचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून छापून निघाला. पानांचा क्रम लिहिणाऱ्याच्याच हातचा होता, मागाहून कुणी आईने घातलेला नव्हता.

मग आईने काय करायचं? शेजारी बसायचं. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. रविवारी त्यातला अर्धा तास घ्या. चटईवर दप्तर पूर्ण रिकामं करायला लावा. कागदांचे तीन गठ्ठे त्याने करायचे: या आठवड्यात लागणारे, परीक्षेपर्यंत जपायचे आणि रद्दी. प्रत्येक कागदावर तारीख आणि धड्याचं नाव त्यानेच लिहायचं. तपासून आलेला पेपर फाइलला लावण्याआधी त्यातल्या चुका वहीच्या शेवटच्या पानावर उतरवायच्या. अनुक्रमणिकाही त्याच्याच अक्षरात. आपण फक्त विचारायचं, "हा इथे का ठेवलास?" उत्तर आलं की गप्प बसायचं.

एकेका विषयाला चार-चार फायली विकत आणू नका. अपरिग्रह फक्त पर्युषणात ऐकायचा नसतो. एक फाइल, एक पंच, दोऱ्याचे टॅग, बास. २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. नको ते कागद बाहेर निघाले की निम्मं ओझं तिथेच उतरतं.

"त्याला क्लासमुळे वेळ नसतो," असं तुम्ही म्हणाल. कागद शोधण्यात रोज किती वेळ जातो, तो मोजा. "तो नुसता पसारा करेल." करू दे. पसारा त्याचा आहे, तोच निस्तरेल. "मार्क गेले तर?" आठवीच्या घटक चाचणीत दोन मार्क गेलेले बरे, दहावीत जाण्यापेक्षा. पहिली-दुसरीतल्या लेकरांना हात धरून शिकवावं लागतं, काही मुलांना लिहिण्या-वाचण्याचीच अडचण असते, त्यांना जास्त दिवस मदत लागते. तेही मान्य. पण मदत करणं वेगळं आणि त्याचं काम काढून घेणं वेगळं.

मंदिरातली वेष्टनं आपण भक्तीने बांधली. मुलांची मात्र त्यांना बांधू द्या. गाठ सैल पडली तरी चालेल.

जय जिनेंद्र.